अक्षरं सगळी येतात, शब्द मात्र जुळत नाही

तुम्ही बरंच लिहिलंय, त्यातलं नेमकं आधी बाजूला काढते. मुलगा सव्वासहा वर्षांचा, सुरुवातीपासून घरीच शिकतोय. मुळाक्षरं सगळी ओळखतो, बाराखडी घडाघडा म्हणतो. पण ‘कमळ’ समोर ठेवलं की ‘क... म... ळ...’ असं तुटक म्हणतो आणि ‘मग काय झालं?’ विचारलं की चित्राकडे बघून ‘फूल!’ म्हणून मोकळा होतो. दोन वर्षं हेच चाललंय. त्याच्या बरोबरीची मुलं येताजाता पाट्या वाचतात, आणि नातेवाईक ते तुम्हाला आवर्जून सांगतात. हल्ली पुस्तक दिसलं की त्याला तहान लागते, नाहीतर शू लागते. तुम्ही विचारलंय की त्याच्यात काही दोष आहे का, आता जोर लावायचा की काही काळ सोडून द्यायचं, आणि इंग्रजीही आत्ताच सुरू करायचं का.

जोर लावू नका आणि सोडूनही देऊ नका. या दोन्ही टोकांचे सल्ले तुम्हाला भरपूर मिळाले असतील. ‘बोलायला आपोआप शिकला ना, तसं वाचायलाही शिकेल’ हे ऐकायला छान वाटतं, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत तसं होत नाही. माणूस बोलतोय त्याला काळाची गणती नाही, लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा आणि कानांनी ऐकलेले आवाज यांची सांगड प्रत्येक मेंदूला नव्याने घालावी लागते, आणि ती घालायला कोणीतरी शिकवावं लागतं. तुम्ही शिकवलंत, पण मधली एक पायरी राहून गेली असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. त्या पायरीकडे येतेच. त्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला ‘कमळ’पेक्षा जास्त खटकलं, त्याबद्दल बोलते.

तुम्ही लिहिलंय, ‘रात्री गोष्ट वाचताना मी मधे मधे थांबून त्याला एखादा शब्द वाचायला लावते. पूर्वी तासभर ऐकायचा, आता पाच मिनिटांत उठतो.’

ताई, हे आजपासून बंद करा. सरावासाठी शब्द हवेत तर दिवसात दुसरी वेळ काढा. गोष्टीत मधेच ‘हे काय लिहिलंय सांग बघू’ आलं की ती गोष्ट राहत नाही, परीक्षा होते, आणि परीक्षा कधी येईल याचा नेम नसल्यामुळे मूल प्रत्येक ओळीला दबकून बसतं. हे मी स्वतःच्या घरात केलंय. माझी धाकटी पाच वर्षांची असताना दर पानावर एक शब्द तिच्याकडून वाचून घ्यायचा असा माझा नेम होता. इतरांच्या मुलांना वाचायला शिकवणारी बाई, तेव्हा आपलं पोर मागे राहून कसं चालेल? एका रात्री तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘आई, आज नुसतं वाच.’ आधी मला राग आला. मग उठून दिवा मालवेपर्यंत तो ओसरला आणि दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. त्यानंतर दोन महिने मी तिच्याकडून एकही शब्द वाचून घेतला नाही, नुसतं वाचलं.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक सोपं गणित मांडलं, ते आजही या कामात पायाभूत मानतात. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : छापलेला शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं. त्यांनी बेरीज न म्हणता गुणाकार म्हटलं. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. तुमचा मुलगा तासभर गोष्ट ऐकायचा, ती दुसऱ्या दिवशी आजीला स्वतःच्या शब्दांत सांगायचा, ‘जंगल गुडुप झालं’ असलं काहीतरी स्वतः रचायचा. त्याची भाषेची बाजू भक्कम आहे. अडलंय ते उलगडण्यापाशी. ती बाजू सुधारायच्या घाईत धडधाकट बाजूचा खुराक तोडू नका. तो अस्खलित वाचायला लागला तरीही त्याला वाचून दाखवणं चालू ठेवा, कारण त्याला स्वतःला जे वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी मोठं तो ऐकून समजू शकतो, आणि हे अंतर पुढची बरीच वर्षं राहतं.

आता ‘कमळ’.

आधी तीन गोष्टी तपासा, पण खेळता खेळता. पहिली फक्त तोंडी, कागद नको. तुम्ही तुटक म्हणा, ‘खि... ड... की’, ‘उ... शी’, ‘चा... द... र’, आणि त्याने वस्तू ओळखायची. हे जमत असेल तर आवाज जोडण्याची ताकद त्याच्यात आहे. जमत नसेल तर छापलेला शब्द जुळणार कसा? तसं असेल तर पंधरा दिवस हाच खेळ खेळा, जिन्यात, अंघोळीच्या वेळी, कुठेही. दुसरी तपासणी बाराखडीची. ‘कू’ एकटं लिहून दाखवा. पुष्कळ मुलं मनातल्या मनात ‘क का कि की कु’ असा जिना चढून मग ‘कू’वर पोचतात. त्यांना बाराखडी गाणं म्हणून येते, अक्षरं म्हणून नाही. यात मुलाची चूक नाही, आपण तिला चाल लावून शिकवलेली असते. तिसरी गंमत म्हणजे निरर्थक शब्द. ‘लर’, ‘कासल’, ‘मारन’ ही राक्षसांची नावं आहेत असं सांगा आणि वाचायला द्या. जिथे चित्र नाही, अर्थ नाही, अंदाजाला जागाच नाही, तिथे तो काय करतो ते बघा. कागदावर टिपून ठेवा, त्याच्यासमोर मात्र चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. आई शिकवते तिथे मूल पुस्तकाच्या आधी आईचा चेहरा वाचतं, आणि त्या वाचनात ते फार पटाईत असतं.

राहून गेलेली पायरी म्हणजे जोडणं. ‘क, म, ळ’ असं थांबत थांबत वाचलं की तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचताना पहिलं निसटतं. शिवाय आपल्या लिपीत प्रत्येक सुट्या अक्षरात ‘अ’ दडलेला असतो, आणि बोलताना आपण तो सगळीकडे उच्चारत नाही. ‘कमळ’मधल्या ळ चा ‘अ’ आपण गिळतो. ‘सरका’ आपण ‘सर्का’ असं म्हणतो, पण ‘सरकला’ मात्र ‘सरक्ला’. सुरुवातीची अक्षरं तीच, पण एकदा ‘र’चा अ गळतो, एकदा ‘क’चा. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, कानाने शिकलो. तुमच्या मुलाच्या कानालाही ते ठाऊक आहे, फक्त तो शब्दाच्या पुरेसा जवळ पोचला पाहिजे. म्हणून सुटी अक्षरं म्हणून शेवटी जोडायला लावू नका, चालता चालता जोडायला शिकवा. शब्द कागदाने झाका, एकेक अक्षर उघडत जा : ‘क’, मग ‘कम’, मग ‘कमळ’. मागचं धरून पुढचं घ्यायचं. दोनअक्षरी शब्दांपासून सुरू करा, ‘घर’, ‘नळ’, ‘वर’, ‘मन’, आणि पहिलं अक्षर लांबवून दुसऱ्यावर घसरा, ‘नऽऽळ’. आठवडाभर फक्त दोनअक्षरी. तो कंटाळला तर बरंच झालं, सोपं वाटलं असा त्याचा अर्थ.

त्याच्या डोळ्यांसमोर एकदम अठ्ठेचाळीस-बावन्न अक्षरांचा तक्ता ठेवून मग काना-मात्रा, मग वाक्यं, हा क्रम मला कधीच पटला नाही. वर्णमालेची मांडणी अप्रतिम आहे, कंठापासून ओठांपर्यंत आवाज कुठे उमटतो त्या क्रमाने लावलेली. पण ती भाषा जाणणाऱ्याने केलेली व्यवस्था आहे, नवख्याने चढायचा जिना नव्हे. ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरं सहा वर्षांच्या मुलाला एका तरी शब्दात सुटी भेटतात का? त्याऐवजी सहाच व्यंजनं आणि एक काना घ्या : र, म, न, क, स, ल. एवढ्यावर नाक, कान, मान, काम, लाल, काल, मला, मामा, काका, नाना, कमाल झालेच, शिवाय आख्खी वाक्यं होतात. ‘काल मामा सरकला.’ ‘काका, सरका.’ या दुसऱ्या वाक्यावर आजवर किती मुलं खदखदून हसली असतील याचा मी हिशेब ठेवलेला नाही. एकाने चिठ्ठीवर ते लिहून खऱ्या काकांच्या खुर्चीवर ठेवलं होतं. ज्या मुलाला आपण ‘वाचत नाही’ म्हणतो, ते स्वतः वाचलेल्या वाक्यावर हसलं की अर्धं काम झालं.

तुमच्या मुलाला अक्षरं ओळखता येतात, म्हणून तुम्ही या टप्प्यातून भराभर जाल. पण जाच, वगळू नका. दर तीन-चार दिवसांनी दोन नवी अक्षरं आणि अधूनमधून एक नवी मात्रा मिसळा. कान्यानंतर ‘ी’ घ्या. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी नियमानुसार बहुतेक दीर्घच असते, म्हणून नदी, वही, आजी, माती असे ओळखीचे शब्द चिक्कार मिळतात. ‘ि’ मुद्दाम मागे ठेवा. ती डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते, आणि आत्ता कुठे डावीकडून उजवीकडे जायला शिकलेल्या मुलाला ही सरळ सरळ फसवणूक वाटते. ‘आणि’ मात्र दर दुसऱ्या ओळीत येणारच, तो शब्द आख्खाच सांगून टाका. ‘त्या’, ‘ह्या’, ‘माझ्या’ यांचंही तेच.

सारखी दिसणारी अक्षरं जोडीने शिकवू नका. ‘घ आणि ध यातला फरक बघ’ असं म्हणून दोन्ही शेजारी ठेवली की पुढे कायम शंका राहते. भ आणि म, थ आणि य, ट, ठ आणि ढ यांनाही हेच लागू. एक पक्कं होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं. ‘ख’ कधी ‘रव’ वाचेल, तेव्हा हसू नका, तसं दिसतंच ते. आणि छापील पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन वळणं सापडतात, तेव्हा पुस्तक निवडताना नजर टाका, नाहीतर येत असलेलं अक्षर ‘येत नाही’ अशी तुमची समजूत व्हायची.

अनुस्वाराची भीती नको. पंख, उंट, संत, खांब या चारही शब्दांत टिंब एकच आणि आवाज वेगवेगळा, तरी मराठी बोलणारं मूल शब्दाजवळ पोचलं की स्वतःच नीट म्हणतं. ‘चाक’ आणि ‘चिमणी’तला च, ‘जहाज’ आणि ‘जीभ’मधला ज यांचंही तसंच. ‘चिमणी’तल्या च ने ‘चाक’ वाचलं तर क्षणभर थांबा, बहुतेक मुलं स्वतःच सुधारतात. तेवढा क्षण आपल्याला थांबवत नाही, हीच खरी अडचण.

जोडाक्षरं घाईची नाहीत. सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर या चार शब्दांत एकाच ‘र’ची चार रूपं आहेत, आणि ती अंगवळणी पडायला आठवं-नववं वर्ष उजाडलं तरी काही बिघडत नाही. कन्नड मुलांच्या वाचनावर सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की अशा लिप्यांत चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते आणि ती आत्मसात करण्याचं काम प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं चालतं. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवरून बेतलेली वेळापत्रकं आपल्या मुलांना लावायची आणि मग ती मागे पडली म्हणायचं, याची मला नेहमी चीड येते.

सराव रोज दहा मिनिटं, जमल्यास पाच-पाचचे दोन तुकडे. दहा मिनिटं म्हणजे दहाच, रंगात आला तरी थांबा. चित्र झाका किंवा बिनचित्राचं घ्या, आणि ‘चित्र बघ, काय असेल?’ हा प्रश्न कायमचा सोडा. अंदाज करायची सवय आपणच लावतो. अडला तर मनात पाचपर्यंत मोजा, मग अडलेलं अक्षर सांगा, तरीही नाही जमलं तर शब्द सांगून पुढे जा. तोच शब्द पुढच्या ओळीत पुन्हा येईल असं बघा. डेव्हिड शेअर या संशोधकाने १९९५ मध्ये मांडलेली कल्पना अशी की मूल स्वतःच्या बळावर एखादा शब्द उलगडतं तेव्हा त्याचं रूप मनात ठसतं, आणि असं काही वेळा घडलं की तो शब्द नजरेत भरताक्षणी ओळखू येतो. आपण वाचून दाखवलेला शब्द तसा ठसत नाही. म्हणून ते पाच आकडे मोजणं महत्त्वाचं.

लिहिणंही त्यातच आलं. दारावर ‘आत यउ नक’ अशी पाटी लागली तर शुद्धलेखन काढू नका. आवाज तोडून अक्षरांत मांडणं हा जोडण्याचाच उलटा सराव आहे.

घरी शिकणाऱ्या मुलांबाबत एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. वर्गात अडखळणारी आणखी दहा मुलं दिसतात. घरी मात्र आजूबाजूला सगळी झरझर वाचणारी मोठी माणसं, त्यामुळे मुलाला वाटतं, जगात न येणारा मी एकटाच. माझ्या माहितीतल्या एका घरी वडिलांनी त्याच सुमारास स्वतःला अनोळखी असलेली एक लिपी शिकायला घेतली आणि रोज संध्याकाळी मुलासमोर बसून चुकत-माकत वाचायला लागले. मुलगा त्यांना शिकवायला लागला, ‘बाबा, मागचं धरून ठेवा, मग पुढचं घ्या.’ तुमच्याकडे कोणाला उत्साह असेल तर करून बघा.

बरोबरीच्या मुलांचं म्हणाल, तर न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुलं यांची तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. नातेवाइकांना सांगायला हे उपयोगी पडेल. पण यातून ‘सातपर्यंत काही करू नका’ असा अर्थ काढू नका. त्या मुलांनाही सातव्या वर्षी कोणीतरी शिकवलंच होतं.

इंग्रजी वाचन आत्ता नको. ऐकू द्या, बोलू द्या. एका लिपीत जोडणं जमलं की ती युक्ती दुसरीत सोबत येते.

दोष आहे का, या प्रश्नाला मी बसल्या जागेवरून ‘नाही’ म्हणणार नाही. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. वारंवार सर्दी होऊन कान दुखण्याचा इतिहास असेल तर कान नक्कीच. अक्षर उलटं काढणं सात-आठ वर्षांपर्यंत नेहमीचं, त्याने घाबरू नका. पण बोलायला उशीर झाला होता का? घरात कोणाला लहानपणी वाचनाचा फार त्रास झाला होता का? वरचा ‘खि... ड... की’ खेळ महिनाभर खेळूनही जमत नाही का? काल पक्कं आलेलं अक्षर आज साफ विसरतो का? यातलं काही असेल, किंवा पाच-सहा महिने रोजचा शांत सराव होऊनही दोनअक्षरी शब्द जुळत नसतील, तर वाचन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या मानसतज्ज्ञांकडे जा. त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि लवकर कळलं तर शिकवण्याची पद्धत वेळेत बदलता येते. तपासणीला जाण्याआधी तुमच्या त्या टिपणांचा कागद बरोबर घ्या, त्यांना तो फार कामी येतो.

पहिले पंधरा दिवस सरावही नको. फक्त तोंडी खेळ आणि रात्रीची गोष्ट, तीही त्याने निवडलेली, एकच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तरी तेच. सोळाव्या दिवशी ‘काका, सरका’ काढा. दोन महिन्यांनी मला कळवा, पण किती शब्द वाचतो ते नंतर. गोष्टीला परत जवळ येऊन बसायला लागला का, ते आधी लिहा.